एनएफएस : शेजारचं मशीन चालू केलं की माझ्या फाइलचं लॉक उडतं

कुळागर — सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, या विभागात मी आजवर नुसता वाचक होतो, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पर्वरीला आमचं जमीन मोजणीचं आणि नकाशे करण्याचं छोटं ऑफिस आहे. सध्या खाडीकाठच्या खाजन जमिनींचं काम चालू आहे, म्हणजे बांध, मानशी (पाण्याची दारं), शेतांच्या हद्दी वगैरे. सगळी मशीनं डेबियन लिनक्सवर, नकाशे क्यूजीआयएसमध्ये, डेटा जिओपॅकेज फाइलींत. फाइली एका सर्व्हरवर आहेत आणि सगळीकडे एनएफएस ४.२ ने (नेटवर्कवरून फाइली वापरायचा प्रोटोकॉल) माउंट केल्या आहेत, म्हणजे आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या दिसतात. जुनी मशीनं काढून अलीकडेच नवी घेतली. विक्रेत्याने एका मशीनवर सगळं बसवलं आणि त्याचीच इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) बाकीच्यांवर उतरवून दिली.

आता गंमत बघा. सकाळी मी एकटा काम करत असलो की काहीही होत नाही. दुसऱ्या टेबलावरच्या सहकारणीचं मशीन चालू झालं की थोड्याच वेळात माझ्याकडे 'डिस्क आय/ओ एरर' येते आणि अर्धवट काढलेली हद्द गायब. कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे. कर्नेलच्या लॉगमध्ये 'लॉक रिक्लेम फेल्ड' (गेलेलं लॉक परत मिळालं नाही) अशी ओळ सापडते. केबल बदलून झाली, स्विच बदलून झाला, सर्व्हरच्या डिस्क ठणठणीत आहेत. विक्रेता म्हणतो नेटवर्क स्लो आहे, टाइमआउट वाढवा. वाढवला. काडीचा फरक नाही.

कुणाला काही सुचतंय?

पाडेली — सोमवार, रात्री ९:४०

जिओपॅकेज म्हणजे पोटात एसक्यूलाइट डेटाबेस. एनएफएसवर लॉकिंगचा भरवसा धरू नका असं एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात. पोस्टजीआयएस (सर्व्हरवर चालणारा नकाशांचा डेटाबेस) घाला, विषय संपला.

चोडणफेरी — सोमवार, रात्री ९:५५

रुमाल टाकून ठेवते. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असंच काहीतरी भूत आहे.

कुळागर — सोमवार, रात्री १०:२०

@पाडेली, पोस्टजीआयएस डोक्यात आहेच. पण लिब्रेऑफिसमध्ये उघडलेल्या साध्या हिशोबाच्या फाइलीलाही हाच त्रास होतो, म्हणजे खापर एकट्या एसक्यूलाइटवर फोडता येत नाही.

रापणकार — मंगळवार, सकाळी ७:०५

कुळागरबाब, दोन गोष्टी बघून सांगा.

एक, प्रत्येक मशीनचं होस्टनेम (मशीनचं स्वतःचं नाव) काय आहे?

दोन, दोन मशीनं चालू असताना सर्व्हरवर रूट (मुख्य प्रशासक) होऊन /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स हा फोल्डर उघडा. सर्व्हरला जितके क्लायंट ठाऊक आहेत तितके उपफोल्डर तिथे दिसतात. प्रत्येकात 'इन्फो' नावाची फाइल असते. तिच्यातल्या 'नेम' आणि 'अ‍ॅड्रेस' या ओळी इथे द्या. सर्व्हरचं कर्नेल ५.३ किंवा त्यानंतरचं असेल तर हा फोल्डर असणारच.

टाइमआउट होता तिथे परत न्या.

कुळागर — मंगळवार, सकाळी ११:३०

होस्टनेम सगळ्यांचं एकच, 'डेबियन'.

क्लायंट्समध्ये चक्क एकच फोल्डर! मशीनं दोन चालू, फोल्डर एक. नेमच्या ओळीत 'लिनक्स एनएफएसव्ही४.२ डेबियन'. अ‍ॅड्रेस आधी माझ्या मशीनचा होता. जरा वेळाने परत उघडून पाहिलं तर शेजारच्या मशीनचा, आणि फोल्डरचा नंबरही बदललेला. मधूनच क्षणभर दोन दिसतात, की पुन्हा एक.

दीपस्तंभ — मंगळवार, सकाळी ११:५०

हे पटत नाही. आयपी वेगवेगळे असताना सर्व्हरला दोन मशीनं वेगळी कळत नाहीत? एवढा बावळट सर्व्हर कोण लिहील?

रापणकार — मंगळवार, रात्री ९:३०

सापडलं. दीपस्तंभबाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस काढलं तेव्हा सर्व्हरने क्लायंटबद्दल काहीच लक्षात ठेवायचं नाही असा बेत होता. 'अमुक फाइलचे अमुक बाइट दे' एवढी मागणी यायची, सर्व्हर द्यायचा आणि विसरून जायचा. सर्व्हर पडून पुन्हा उभा राहिला तरी क्लायंट तीच मागणी परत करायचा. लॉकसाठी बाजूला वेगळा प्रोटोकॉल होता. आवृत्ती ३ पर्यंत, म्हणजे १९९५ च्या आरएफसी १८१३ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) पर्यंत, हेच चाललं.

आवृत्ती ४ मध्ये फाइल उघडणं, लॉक, डेलिगेशन (फाइल काही काळ क्लायंटच्या हवाली करणं) हे सगळं मुख्य प्रोटोकॉलमध्येच आलं. आता सर्व्हरला वही ठेवणं भाग पडलं : कुणी काय उघडलंय, कुणाचं लॉक कुठे आहे. वही ठेवायची तर 'कुणी' हे आधी ठरलं पाहिजे. त्यासाठी क्लायंट दोन गोष्टी सांगतो. पहिली, स्वतःचं नाव. ही १०२४ बाइटपर्यंतची कोणतीही ओळ चालते, सर्व्हर तिचा अर्थ लावत नाही, फक्त जुन्या नावांशी जुळवून बघतो. दुसरी, ८ बाइटचा व्हेरिफायर, जो मशीन रिबूट झालं की बदलतो. ४.० मध्ये हे सेटक्लायंटआयडी या कॉलने होतं, ४.१ पासून एक्स्चेंजआयडीने. मग सर्व्हर ६४ बिटांचा एक आकडा हातात देतो आणि पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर चालतो.

आता नियम बघा. नाव तेच आणि व्हेरिफायरही तोच, तर हा तोच क्लायंट, चालू दे. नाव तेच पण व्हेरिफायर नवा, तर हे मशीन बंद पडून पुन्हा चालू झालंय. म्हणजे त्याने आधी घेतलेली लॉक आता कुणाच्याच कामाची नाहीत, टाका पुसून. हा नियम नसता तर आपल्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की प्रत्येक मशीनची जुनी लॉक सर्व्हरवर लोंबकळत राहिली असती.

कळंगुटच्या एखाद्या लॉजचं रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. मॅनेजर चेहरा बघत नाही, नाव आणि आल्याची वेळ तेवढी लिहितो. नाईक नावाचा पाहुणा वर खोलीत झोपलाय. तेवढ्यात दुसरा नाईक काउंटरवर येऊन म्हणतो, 'मी नाईक, आत्ताच पोचलो.' मॅनेजर समजतो की पहिलाच नाईक जाऊन परत आला. जुनं खातं बंद, खोलीतलं सामान बाहेर. झोपलेला नाईक उठून तणतणत खाली येतो, पुन्हा नाव लिहितो, आता दुसऱ्याचं सामान बाहेर.

तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. लिनक्सचा क्लायंट आपलं नाव 'लिनक्स एनएफएसव्ही', आवृत्ती आणि होस्टनेम जोडून तयार करतो. इमेज एक, होस्टनेम एक, म्हणून नावही एक. शेजारचं मशीन नाव तेच पण व्हेरिफायर स्वतःचा घेऊन आलं. सर्व्हरने तुमचं सेशन, उघड्या फाइली, लॉक, सगळं रद्द केलं. तुमच्या मशीनने पुढची मागणी केली तर उत्तर आलं 'बॅड सेशन'. जुना आकडा दाखवला तर 'स्टेल क्लायंटआयडी'. मग तुमच्या मशीनने पहिल्यापासून ओळख दिली आणि शेजारणीचं सगळं उडालं. लॉक परत मागायला जावं, तर ती सवलत सर्व्हर स्वतः रिबूट झाल्यावरच्या ग्रेस काळातच मिळते, आणि इथे सर्व्हर रिबूट झालेलाच नाही. म्हणून 'रिक्लेम फेल्ड'. लॉक गेलंय हे कळल्यावर लिनक्स त्या उघड्या फाइलवर पुढचं वाचन-लेखन करू देत नाही, आय/ओ एरर देतो. ती एरर तुमची मित्र आहे. ती आली नसती तर दोघांनी एकाच फाइलवर बेधडक लिहिलं असतं.

टाइमआउटचा इथे काय संबंध? विनंती हरवली तर पुन्हा केव्हा पाठवायची एवढंच तो ठरवतो. इथे विनंत्या मजेत पोचतायत.

आता आयपीचं. ओळख आयपीवर ठेवायची नाही हे मुद्दाम ठरवलेलं आहे. लॅपटॉप केबलवरून वायफायवर गेला की आयपी बदलतो, क्लायंट तोच असतो. डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) उद्या तोच आयपी दुसऱ्याला देतो. एका राउटरच्या पाठीमागे दहा मशीनं असली तर बाहेरून आयपी एकच दिसतो. शिवाय एकाच क्लायंटने दोन नेटवर्क कार्डांवरून येऊन एकच खातं वापरावं अशीही सोय आहे. आयपीवर ओळख ठेवली तर यातलं काहीच धड चालणार नाही.

पाडेली — मंगळवार, रात्री ९:४८

मग माउंट करताना आवृत्ती ३ द्या की. ना सेशन, ना भानगड.

रापणकार — मंगळवार, रात्री १०:१०

त्रास थांबेल, हे खरं. ३ मध्ये लिनक्सचा लॉक सांभाळणारा भाग क्लायंटला साधारणपणे आयपीवरून ओळखतो, त्यामुळे नाव सारखं असलं तरी खपून जातं. पण तिथे मुदत नावाची गोष्टच नाही. लॉक धरलेलं मशीन जळालं आणि पुन्हा कधी चालूच झालं नाही, तर ते लॉक सर्व्हरवर तसंच राहतं, तुम्ही हाताने सोडवेपर्यंत. आवृत्ती ४ मध्ये लीज असते. लिनक्स सर्व्हरवर ती मुळात ९० सेकंदांची. क्लायंटने तेवढ्या वेळात तोंड दाखवलं नाही तर त्याच्या लॉकवर दुसऱ्याला हक्क सांगता येतो. शिवाय ३ ला फायरवॉलमध्ये पोर्टमॅपर आणि त्याचं गोत उघडावं लागतं, ४ ला एक २०४९ पुरे.

दीपस्तंभ — बुधवार, सकाळी ८:१५

आयपीचं पटलं. पण सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये आपण आयपीच लिहितो ना? मग आयपी बघत नाही असं कसं म्हणता?

रापणकार — बुधवार, दुपारी १:२०

इथेच सगळ्यांची गल्लत होते. तीन वेगळ्या ओळखी आहेत आणि तिन्हींची चौकशी वेगवेगळ्या दारात होते.

एक्सपोर्ट्समधला आयपी विचारतो, तुला या फोल्डरपर्यंत येऊ द्यायचं का? लॉकशी त्याचं घेणंदेणं नाही.

वर सांगितलेलं क्लायंटचं नाव विचारतं, उघड्या फाइली आणि लॉक कुणाच्या खात्यावर मांडायची? परवानगीशी त्याचं घेणंदेणं नाही.

तिसरी ओळख माणसाची. साध्या मांडणीत, म्हणजे 'सेक' या पर्यायाची किंमत 'सिस' असताना, क्लायंट प्रत्येक मागणीसोबत युजरचा नंबर आणि जास्तीत जास्त १६ ग्रुपचे नंबर पाठवतो आणि सर्व्हर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. डेबियनवर पहिला युजर १००० नंबरचा असतो. कुळागरबाबांच्या ऑफिसात इमेज एक असल्याने सगळेच १००० असणार. म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने सगळा स्टाफ म्हणजे एकच माणूस. कुणी कुणाची फाइल पुसली ते कधीच कळायचं नाही. रूट तेवढा अडवला जातो, रूट-स्क्वॉशमुळे त्याचा ६५५३४ होतो.

कुळागर — बुधवार, दुपारी २:०५

खरंच सगळे १००० आहेत. फाइलीवर मालक म्हणून कायम माझंच नाव का दिसतं ते आत्ता कळलं. पात्रांवच, म्हणजे मालकच, सगळं काम करतो असा समज झाला होता गिऱ्हाइकांचा, तो आता मोडणार :)

आता करू काय? सगळ्यांची होस्टनेम बदलली की झालं?

रापणकार — बुधवार, रात्री ८:४०

झालं, पण माउंट चालू असताना बदलू नका. क्लायंटचं नाव त्या सर्व्हरशी पहिल्यांदा बोलतानाच तयार होतं आणि शेवटचा माउंट सुटेपर्यंत तेच राहतं. होस्टनेम बदलून सरळ रिबूट करा.

एवढ्यावर थांबू नका मात्र. त्याच इमेजमधून मशीन-आयडी नावाची फाइलही सगळीकडे तीच गेली असणार, ईटीसी फोल्डरात बघा. ती सारखी राहिली तर ज्यांचं नेटवर्क सिस्टमडी सांभाळतं ती मशीनं डीएचसीपीकडेही एकाच ओळखीने जातात आणि आयपीवरून वेगळी मारामारी सुरू होते. एसएसएचच्या होस्ट-की (दुरून लॉगिन करताना मशीन ओळखायच्या चाव्या) सुद्धा तपासा. विक्रेत्याला सांगा की इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी ठेव, पहिल्या बूटला नवी तयार होते.

चोडणफेरी — बुधवार, रात्री ९:१५

आता माझं भूत. आमच्या लॅबमधल्या मशीनांना डिस्कच नाही. सगळी नेटवर्कवरून बूट होतात, रूट फाइलसिस्टिमसुद्धा एनएफएसवर. होस्टनेम लावणारी स्क्रिप्ट चालते तोवर माउंट होऊन बसलेला असतो. तुमचा उपाय माझ्याकडे लागू पडत नाही.

रापणकार — बुधवार, रात्री ९:५०

ताई, तुमच्यासाठी वेगळी सोय आहे. कर्नेलच्या एनएफएस मोड्यूलला 'एनएफएस४ युनिक आयडी' नावाचा पॅरामीटर आहे. त्यात जे द्याल ते होस्टनेमच्या जोडीला क्लायंटच्या नावात जातं. डिस्कवाल्या मशीनवर तो मोडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये लिहितात. तुमच्याकडे बूट सर्व्हर कर्नेलला जी कमांड लाइन देतो तिच्यात, प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाप्रमाणे वेगळी किंमत घाला. कुठलीही चालेल, फक्त दोन गोष्टी पाळा : दुसऱ्या कुणाची तीच नसावी, आणि दर बूटला बदलू नये. बदलली तर उलटा घोळ होतो. मशीन रिबूट होऊन नव्या नावाने येतं आणि जुन्या नावावरची लॉक मुदत संपेपर्यंत स्वतःच्याच वाटेत उभी राहतात. इंटरनेटवर 'बूटच्या वेळी रँडम आकडा टाका' असा सल्ला सापडेल, तो घेऊ नका.

अवांतर : कंटेनरवाल्यांनी लक्ष द्या. नव्या कर्नेलात प्रत्येक नेटवर्क नेमस्पेससाठी (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यासाठी) ही किंमत वेगळी देता येते, सिसएफएसखालच्या 'आयडेंटिफायर' या फाइलीतून. एकाच टेम्प्लेटवरून उठणाऱ्या आणि सारखंच होस्टनेम घेऊन येणाऱ्या कंटेनरांचं दुखणं कुळागरबाबांसारखंच असतं.

दीपस्तंभ — गुरुवार, सकाळी ७:४०

म्हणजे चोडणफेरीताईंच्या लॅबमधला एखादा उपद्व्यापी पोरगा स्वतःच्या लॅपटॉपला सरांच्या मशीनचं नाव देऊन सरांची लॉक उडवू शकतो?

चोडणफेरी — गुरुवार, सकाळी ८:०२

अशा पोरांची नावं मी पाच मिनिटांत काढून देईन.

रापणकार — गुरुवार, दुपारी १:३५

हो, उडवू शकतो, जर त्याचा आयपी एक्सपोर्ट्सच्या यादीत बसत असेल आणि मांडणी 'सिस'ची असेल. नाव तेच घेऊन दुसरा कुणी आला तर तो कुठल्या अधिकाराने बोलतोय हे सर्व्हर तपासतो. पण 'सिस'मध्ये अधिकार म्हणजे नुसता युजर नंबर, आणि दोन्ही मशीनांचे रूट शून्यच. काय तपासणार?

कर्बेरोस (कीवरून ओळख पटवणारी व्यवस्था) असेल तर प्रत्येक मशीनची स्वतःची की असते. तेच नाव घेऊन दुसऱ्या कीवाला आला तर सर्व्हर 'क्लायंटआयडी इन यूज' म्हणून त्याला बाहेर ठेवतो, आणि सरांची लॉक जागच्या जागी राहतात. एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते : मशीनवर कर्बेरोसची की असेल तर माउंट 'सिस'चा असला तरी लिनक्स ही ओळखपाळख शक्यतो कर्बेरोसनेच करायला बघतो. म्हणजे फाइलींचा रोजचा व्यवहार आहे तसा ठेवूनही लॉकचं खातं सुरक्षित करता येतं.

कर्बेरोसचा सर्व्हर उभा करायचा कंटाळा असेल तर दुसरा रस्ता टीएलएसचा (सुरक्षित जोडणीचा). २०२२ च्या आरएफसी ९२८९ मध्ये आरपीसी (ज्यावरून एनएफएसच्या मागण्या जातात तो थर) टीएलएसमधून न्यायची रीत आली आणि लिनक्सच्या ६ च्या मालिकेत ती उतरली. माउंट करताना दोन्ही बाजूंची सर्टिफिकेट तपासायला लावता येतात. मग परक्या लॅपटॉपला सर्व्हरशी बोलणंच सुरू करता येत नाही.

पाडेली — गुरुवार, दुपारी २:१०

मोजक्या माणसांच्या ऑफिसला कर्बेरोस म्हणजे मुंगी मारायला तोफ.

रापणकार — गुरुवार, दुपारी २:३०

कुळागरबाबांच्या ऑफिसला हवंच असं मी कुठे म्हटलं? लॅबला हवं.

कुळागर — शनिवार, दुपारी ४:१५

काल संध्याकाळी होस्टनेम बदलली. नव्या मशीनांना गोव्यातल्या नद्यांची नावं दिली : मांडवी, झुआरी, तेरेखोल, शापोरा, साळ. मशीन-आयडी सगळीकडे नव्या केल्या, युजर नंबर वेगळे केले, जुन्या फाइलींचे मालक बदलले. आज दिवसभर सगळे एकाच प्रोजेक्टवर काम करत होते, एकही एरर नाही. लॉगमध्येही सामसूम. दिव बरें करूं, रापणकारबाब.

एक शंका राहिली. क्लायंट्स फोल्डरात पाचही नद्या दिसतात, पण सहावा अजून आहेच, तोच जुना 'डेबियन'. 'स्टेटस'च्या ओळीत 'कर्टसी' लिहिलंय. हा कोण?

रापणकार — शनिवार, संध्याकाळी ५:००

नावं बदलायच्या दिवशी एखादं मशीन नीट बंद न होता लाईट जाऊन बंद पडलं होतं का?

कुळागर — शनिवार, संध्याकाळी ५:१२

शापोरा. तिची बॅटरी मेलीय. नाव बदलून झालं होतं, रिबूट करणार तेवढ्यात लाईट गेली.

रापणकार — शनिवार, संध्याकाळी ५:४०

मग तोच. नीट बंद होणारा क्लायंट जाताना सर्व्हरला सांगून जातो आणि त्याचं खातं लगेच मिटतं. शापोराला ते जमलं नाही, आणि परत आली ती नव्या नावाने, त्यामुळे जुन्या खात्याशी सर्व्हरने तिची सांगड घातली नाही. कर्नेल ५.१९ पासून लिनक्स सर्व्हर लीज संपल्या संपल्या खातं पुसत नाही. नेटवर्क जरा वेळ गेलं असेल, येईल बिचारा, म्हणून सौजन्याने एक दिवसापर्यंत ठेवतो. त्यातलं एखादं लॉक दुसऱ्या कुणी मागितलं तर त्याच क्षणी काढून टाकतो, म्हणजे कुणाचं काम अडत नाही. उद्यापर्यंत आपोआप जाईल. अगदीच डोळ्यांत खुपत असेल तर त्याच फोल्डरातल्या 'सीटीएल' या फाइलीत 'एक्सपायर' हा शब्द लिहा. फक्त त्याआधी इन्फोमधलं नाव दोनदा वाचा, चुकून मांडवीचं खातं उडवाल.

कुळागर — रविवार, सकाळी १०:२५

गेला. सीटीएलला हात लावावा लागला नाही.